पेठेतली बेटे

1791 च्या मार्चमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने बंगळूर घेतले, तेव्हा किल्ल्याच्या उत्तरेला पसरलेल्या पेठेभोवती खंदक होता आणि त्याला लागून काटेरी झाडोऱ्याचा दाट पट्टा होता. शत्रूला सहज आत घुसता येऊ नये म्हणून मुद्दाम राखलेले ते रान. त्यापलीकडे शेते, मळे, बागा आणि उतारावर एकाखाली एक बांधलेली तळी. माणसांची वस्ती तेवढी मधोमध दाटलेली. तेव्हा पेठ हेच बेट होते, आणि भोवतीचा समुद्र झाडापाण्याचा होता.

सव्वादोनशे वर्षांत हे चित्र पुरते उलटले. आज चिकपेटमधल्या एखाद्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर गेले की चहूकडे सिमेंट, पत्रे, पाण्याच्या काळ्या टाक्या, तारांची जाळी आणि त्यात कुठे कुठे हिरवे ठिपके दिसतात. ईशान्येला कब्बन पार्क, आग्नेयेला लालबाग, दूर वायव्येला भारतीय विज्ञान संस्थेचा परिसर, आणि मधल्या भागात देवळांच्या अंगणातली एकेकटी झाडे. बेटे आता झाडांची आहेत. त्यांवर कोण तगले, कोण अडकले आणि कोण कायमचे गेले, हे पाहायला मी पेठेत हिंडत होतो.

चिकपेट म्हणजे बंगळूरचे जन्मस्थान. 1537 मध्ये पहिल्या केंपेगौडाने शहर वसवले. दोड्डपेट आणि चिकपेट जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकातून चार दिशांना नांगर धरून रस्ते आखले, असे परंपरा सांगते. दोड्डपेट म्हणजे आजचा अॅव्हेन्यू रोड. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने हे ठाणे जिंकले, पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि मराठी माणसाचा या पेठेशी संबंध जुळला. तो अजून तुटलेला नाही. भावसार, नामदेव शिंपी यांची जुनी घराणी इथे आहेत, आणि शेजारच्या नगरथपेटच्या बोळांत सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडून आलेले गलाईवाले सोने-चांदी गाळत बसलेले असतात.

अशाच एका गलाईच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याच्या भिंतीतून पुरुषभर उंचीचा पिंपळ बाहेर आलेला आहे. चुन्याच्या जुन्या भिंतीत मुळ्या खोल उतरल्यात, सांडपाण्याचा पाइप कवटाळून त्या खालपर्यंत आल्यात. दुकानातल्या काकांना विचारले, हा काढत का नाही? भट्टीवरची नजर न हलवता ते म्हणाले, "तीन येळा छाटला. परत येतोय. मुळासकट काढाय गडी बोलीवला, तर त्यो म्हणला पिंपळ हाय, मी हात लावणार न्हाई. आता मीबी म्हणतो, ऱ्हाऊ दे."

हा पिंपळ इथे आला कसा? बुलबुल, साळुंकी, कोकीळ, तांबट, फळवाघळे, यांपैकी कुणीतरी कुठल्या तरी देवळातल्या झाडाचे फळ खाल्ले आणि इथे विष्ठा टाकली. म्हणजे या भिंतीपासून एका पक्ष्याच्या उडण्याच्या अंतरात निदान एक फळणारा पिंपळ उभा आहे. बंगळूरमध्ये ठिकठिकाणी पिंपळ आणि कडुलिंब शेजारी लावून भोवती दगडी कट्टा बांधलेला दिसतो, त्यावर नागाच्या शिळा असतात. अश्वत्थकट्टे म्हणतात त्यांना. शहराच्या आराखड्यात हे कट्टे हिरवी जागा म्हणून धरलेही जात नाहीत. पण जुन्या पेठेत उरलेल्या मोठ्या झाडांमागे बऱ्याच ठिकाणी एखादा असा कट्टा किंवा एखादे देऊळ असते.

आता जरा जवळून पाहू. पिंपळाचे काय, उंबराचे काय किंवा वडाचे काय, फळ फोडले की आत बारीक किडे दिसतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. ते किडे म्हणजे गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातल्या इवल्या माश्या, लांबीला जेमतेम एक-दोन मिलिमीटर. वड-पिंपळाच्या कुळातल्या बहुतेक जातींची माशी वेगळी. पिंपळाची पिंपळाला, उंबराची उंबराला. ज्याला आपण फळ म्हणतो तो खरे तर आत वळलेला फुलांचा गुच्छ. मादी टोकाच्या अरुंद छिद्रातून आत शिरते, शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. आतल्या फुलांना ती बरोबर आणलेले पराग देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे त्या अंड्यांतून निघालेले बिनपंखी नर आतल्या आत माद्यांशी मीलन करतात, फळाला भोक पाडून वाट करून देतात आणि मरतात. पंखवाल्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. त्यांच्या हातात उरलेला वेळ फार तर दिवस-दोन दिवसांचा.

इथेच सगळी मेख आहे. एका झाडावरची फळे साधारण एकदमच धरतात आणि एकदमच पिकतात. माद्या बाहेर पडतात त्या वेळी त्यांच्याच झाडावर अंडी घालण्याजोगे कोवळे फळ बहुधा नसते. त्यांना त्या दिवसा-दोन दिवसांत दुसरे झाड गाठावे लागते, आणि तेही नेमके त्या अवस्थेतले. वारा त्यांना काही किलोमीटर सहज वाहून नेतो, कधी त्याहूनही बराच लांब. पण पोचायला पलीकडे झाड तर हवे. म्हणून एकटा पिंपळ, कितीही मोठा असो, स्वतःची माशी टिकवू शकत नाही. परिसरात असे पुरेसे पिंपळ हवेत की वर्षभर कुठे ना कुठे, कुठल्या ना कुठल्या झाडावर कोवळे फळ असेल. माशी गेली तर झाड दिमाखात उभे राहील, पण त्याच्या फळात बी धरणार नाही. विज्ञान संस्थेत रेने बोर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंबर आणि त्याच्या माश्यांवर वर्षानुवर्षे काम केले आहे. त्यांचे संशोधन ज्या झाडांवर चालते, तशी झाडे आपण रस्ता रुंद करताना एका दुपारी आडवी करतो.

बेटांचा हा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी. आधी 1963 मध्ये एका निबंधात, मग 1967 मध्ये पुस्तकात. बेटावर नव्या जाती येत राहतात आणि असलेल्या नष्ट होत राहतात. दोन्हींचा वेग जिथे सारखा होतो तिथे जातींची संख्या स्थिरावते. बेट मोठे असेल तर नष्ट होण्याचा वेग कमी. मुख्य भूमी जवळ असेल तर येण्याचा वेग जास्त. त्या काळात मोजणीवरून काढलेला एक ठोकताळा असा, की क्षेत्रफळ दहापट झाले की जाती साधारण दुप्पट होतात. तो उलटा वाचला तर अंगावर काटा येतो: अधिवास नव्वद टक्के तोडला की निम्म्या जातींचा निरोप ठरलेला.

विल्सन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल सिंबर्लॉफ यांनी याची परीक्षाही घेतली. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ खारफुटीची चिमुकली बेटे आहेत. त्यांपैकी काहींवर त्यांनी तंबू ठोकले, विषारी धूर सोडून सगळे किडे-कोळी मारले आणि मग बेटांवर परतणारे जीव मोजत बसले. वर्षभराच्या आत जातींची संख्या जवळपास पूर्वीइतकी झाली. फक्त सगळ्यांत दूरचे बेट मागे राहिले. आणि ज्या जाती परतल्या त्या आधीच्याच नव्हत्या. आकडा तोच, रहिवासी वेगळे. बंगळूरच्या एखाद्या बागेत पूर्वीइतकेच पक्षी दिसतात असे कुणी सांगितले, तर मला हा प्रयोग आठवतो. किती आहेत यापेक्षा कोण आहेत हे विचारायला हवे. कावळे, घारी, पारवे, साळुंक्या कुठल्याही शहरात वाढतात. ज्याला ठरावीक झाड, ठरावीक किडा, ठरावीक सावली लागते तो आधी जातो.

मॅकआर्थर-विल्सन यांचे ते पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले तेव्हा हार्वर्डमध्ये एक पुणेकर विद्यार्थी पीएच.डी. करत होता. माधव गाडगीळ. विखुरलेल्या अधिवासांतून प्राण्यांनी इकडून तिकडे जाणे, आणि त्याचा त्यांच्या संख्येवर व उत्क्रांतीवर होणारा परिणाम, या विषयावर त्यांचा निबंध 1971 मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात आला. त्याच वर्षी ते भारतात परतले आणि 1973 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. तिथले पर्यावरणशास्त्र केंद्र उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा. पुण्याच्या वा. द. वर्तकांबरोबर त्यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, 1976 मध्ये तो प्रसिद्ध झाला. भोवतीचे डोंगर बोडके झाले तरी देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यात प्रचंड वेली आणि जुने वृक्ष उरले होते. ती आपली बेटे. पेठेतला अश्वत्थकट्टा हा त्याच कुळातला, फक्त एका झाडापुरता आक्रसलेला.

बंगळूर असे तुटत गेले तरी कसे? पहिला घाव पाण्यावर पडला. हे शहर उंचवट्यावर वसलेले, जवळ बारमाही नदी नाही. म्हणून तळी बांधली आणि एका तळ्याचे जादा पाणी खालच्या तळ्यात नेणारे ओढे राखले. त्यांना राजकालुवे म्हणतात. त्या वाटांनी पाणी जायचे, तसे मासे, बेडूक, पाणवनस्पतीही जायच्या. चिकपेटच्या पश्चिम अंगाला धर्मांबुधी तळे होते, पेठेला पाणी देणारे. आज तिथे केंपेगौडा बस स्थानक आहे, मॅजेस्टिक. सिद्दीकट्टे तळ्याच्या जागी कृष्णराजेंद्र मार्केट. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम. त्याचा एक चौकोनी हौदाएवढा तुकडा तेवढा ठेवला आहे, कारण करग उत्सवाचे विधी तिथे होतात. करग हा तिगळ समाजाचा उत्सव, पेठेतल्या धर्मराय देवळाचा. तिगळ म्हणजे परंपरेने बागवान, भाजी-फुले पिकवणारे. त्यांचे मळे या तळ्यांच्या पाण्यावर होते. मळे गेले, तळे गेले, पण चैत्रातल्या पौर्णिमेला मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, फुलांनी मढवलेला करगाचा कलश अजून या गल्ल्यांतून रात्रभर फिरतो. हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपंगी तळ्याचा हा प्रवास जुन्या दफ्तरांतून शोधून काढला. तळे आटण्याच्या आधी त्यावर जगणाऱ्यांचा हक्क आटला, असे त्यातून मला दिसले.

आधी गेली ती एकेक तळी, नंतरच्या काळात गेला सगळा पसारा. विज्ञान संस्थेतल्या टी. व्ही. रामचंद्र यांच्या गटाने उपग्रहचित्रांवरून काढलेला हिशोब असा: चार दशकांत शहरातले बांधकामाखालचे क्षेत्र 584 टक्क्यांनी वाढले, झाडोरा 66 टक्क्यांनी आणि जलाशय 74 टक्क्यांनी घटले. त्यांच्याच मोजणीनुसार शहरात सुमारे 15 लाख झाडे उरली, म्हणजे सात माणसांमागे एक. पेठेसारख्या भागात तेही नशिबी नाही.

एखाद्या छोट्या फुटीने एवढे काय बिघडते, असे वाटणाऱ्यांसाठी ब्राझीलचा दाखला देतो. 1979 मध्ये थॉमस लव्हजॉय यांनी मनाउस शहराच्या उत्तरेला जंगलाचे एक, दहा आणि शंभर हेक्टरांचे तुकडे राखून ठेवले आणि भोवतीचे जंगल कुरणांसाठी तुटताना त्या तुकड्यांत काय घडते ते नोंदवायला सुरुवात केली. जंगलाच्या आतल्या सावलीत वावरणारे कित्येक पक्षी केवळ 80 मीटरचा उघडा पट्टा ओलांडेनात. त्यांना पंख होते. तरी ते गेले नाहीत, कारण उघड्यावर जायचे नाही हे त्यांच्या स्वभावातच आहे. बंगळूरच्या बाह्यवळण रस्त्यांच्या काठी उभे राहिले की हे 80 मीटर आठवतात.

आणि ज्याला पंखच नाहीत त्याचे काय? बंगळूरमध्ये लोरिस राहतो. तळहातावर मावेल एवढा, वजनाने पाव किलोच्या आसपास, शेपूट जवळजवळ नाही, डोळे मात्र चेहरा व्यापणारे. माकडांच्या, म्हणजे आपल्याही, दूरच्या नात्यातला. कन्नडमध्ये त्याला काडु पापा म्हणतात, रानातले बाळ. दिवसभर पानांत मुटकुळे करून झोपतो, रात्री किडे आणि झाडाचा डिंक खात फांदी-फांदीने हिंडतो. तो उडी मारत नाही. एक फांदी दुसऱ्या फांदीला लागलेली असेल तरच पुढे सरकतो. जमिनीवर उतरण्याची वेळ आली तर कुत्री आणि मोटारी वाट पाहत असतात, आणि तारांवरून गेला तर विजेचा धक्का. काळ्या जादूसाठी त्याला पकडणारेही आहेत, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही. विज्ञान संस्थेच्या सुमारे 400 एकरांच्या परिसरात तो अजून आहे. 2014 मध्ये काबेरी कार गुप्ता यांनी शहरी लोरिसच्या शोधाचा प्रकल्प सुरू केला. सामान्य नागरिक, विद्यार्थी, नोकरदार रात्री डोक्याला दिवे बांधून झाडांत चमकणारे डोळे शोधू लागले. या कामाबद्दल मला फार आदर आहे. आपल्या डोक्यावर कोण राहते हे पाहायला रात्रीची झोप मोडणारी माणसे ज्या शहरात आहेत, त्या शहराची आशा सोडायची नाही.

एकाच बंगळूरचे नकाशे जिवागणिक वेगळे निघतात. पिंपळाच्या माशीला चिकपेट ते लालबाग हे अंतर एका झुळुकेचे. तांबट पक्ष्याला मधल्या दोन-चार झाडांवर टप्पे घेत गाठता येण्याजोगे. लोरिसला तो महासागर. म्हणून 'शहरात हिरवाई किती टक्के' या प्रश्नाचे उत्तर अर्धवट आहे.

आणखी एक गोष्ट नजरेतून सुटते. बेट तुटल्या तुटल्या सगळे मरत नाहीत. वीस-पंचवीस लोरिस एका तुकड्यात अडकले तरी ते जगतात, वीण करतात. मग आपापसांतच वीण होत राहते, एखादे साल वाईट जाते, एखादा रोग येतो, आणि तुकडा रिकामा होतो. बाहेरून नवा जीव येण्याची वाट तोडलेली असल्याने तो पुन्हा भरत नाही. डेव्हिड टिलमन आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये याला विनाशाचे कर्ज म्हटले. पेठेतल्या व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको: माल उचलला आज, हुंडी वटायची पुढे. झाडे तोडणारा अधिकारी निवृत्त झाल्यावर ती वटते, म्हणून कुणाच्याच खात्यावर पडत नाही. पण हे कर्ज फेडता येते. मुदत संपायच्या आत तुकडे पुन्हा जोडले, तर जाती वाचतात. तमिळनाडूत वाल्पारैच्या चहामळ्यांमध्ये अडकलेल्या सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावरून दोरांचे पूल बांधले आहेत आणि वानरे त्यांवरून जातात.

बंगळूरमध्ये जोडणारा धागा म्हणजे रस्त्याकाठची जुनी झाडे. त्यांतली पुष्कळ परदेशी, हे खरे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यातून पुढे 1908 मध्ये लालबागेत आलेल्या गुस्ताव क्रुंबिगल या जर्मन माणसाने वर्षभर कुठला ना कुठला रस्ता फुललेला असावा अशा बेताने झाडे लावली. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, टॅबेबुया. या झाडांचा आग्रह धरावा की देशी लावावीत, यावर वाद होतात. माझे मत सांगतो. आज उभ्या असलेल्या पर्जन्यवृक्षाच्या फांद्या रस्त्यावर कमान करून पलीकडच्या झाडाला भिडतात, तोवर त्याला परदेशी म्हणून तोडणे हा शुद्ध नुकसानीचा सौदा आहे. नवे लावताना मात्र वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, करंज लावा.

झाडे नाहीत तिथे काहीच नाही, हाही समज तितकाच घातक. 2020 मध्ये बंगळूरच्या उत्तर सीमेवरच्या राजानुकुंटेजवळच्या उजाड दिसणाऱ्या जमिनीवर बेडकाची एक नवी जात सापडली. जमिनीत बीळ करून राहणारा हा बेडूक शास्त्राला तोवर ठाऊक नव्हता. त्याला नाव दिले 'स्फेरोथेका बेंगळुरू', आणि ते देणाऱ्यांत पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रातले के. पी. दिनेशही होते. महसुली कागदांत ज्या जमिनीला पडीक म्हणून निकालात काढतात, तिच्या पोटात शहराच्या नावाचा जीव राहत होता. अशा माळांवर सगळ्यांत आधी प्लॉट पडतात.

लोक गप्प नाहीत. 2016 मध्ये बसवेश्वर सर्कल ते हेब्बाळ पोलादी उड्डाणपुलासाठी 812 झाडे तोडायचे ठरले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये हजारो नागरिक साखळी करून रस्त्यावर उभे राहिले आणि 2017 च्या मार्चमध्ये सरकारने तो पूल रद्द केला. 2025 मध्ये बोगदा-रस्त्याची वाट लालबागेच्या कडेला उघडणार हे कळल्यावर पुन्हा माणसे जमली. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीसाठी नागरिक याच चिकाटीने लढत आहेत. टेकडी हेही शहराच्या मधोमध राहिलेले बेटच.

पण कायद्याच्या मांडणीतच एक उणीव आहे. कर्नाटकच्या 1976 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात पन्नासहून अधिक झाडे तोडायची असतील तर जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात. महाराष्ट्राच्या 1975 च्या कायद्यातही नोटीस आणि हरकतींची सोय आहे. दोन्हीकडे मोजले जातात ते बुंधे. दोन बागांना जोडणारी दहा झाडांची रांग आणि एकमेकांपासून दूर उभी दहा झाडे कागदावर सारखीच. एकाच्या बदल्यात दहा रोपे दूर कुठेतरी लावली की हिशोब मिटतो. लोरिससाठी, पिंपळाच्या माशीसाठी तो मिटत नाही. वृक्षगणनेत झाडाच्या नावासमोर ते कशाला जोडते याचा एक रकाना वाढवला, तर अधिकाऱ्याला निर्णय घेताना ते डोळ्यांआड करता येणार नाही. हे काम महापालिकांना आजच्या साधनांनी सहज जमण्यासारखे आहे.

ते होईपर्यंत हे काम आपणच करायचे. तुमच्या रस्त्यावरच्या झाडाला नोटीस चिकटवलेली दिसली, तर मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवा. झाडांच्या आकड्याबरोबर त्यात एवढे जरूर लिहा: ही रांग कोणत्या बागेपासून कोणत्या तळ्यापर्यंत जाते, कोणत्या फांद्या कुठे भिडल्या आहेत, आणि ती तुटली तर पलीकडचे कोणते झाड एकटे पडेल. आणि तुमच्या घराच्या भिंतीतून पिंपळ उगवला असेल, तर तो मुळासकट अलगद सोडवून जवळच्या ओढ्याकाठी किंवा देवळाच्या आवारात लावा. पावसाळ्यात तो जगण्याची शक्यता जास्त.